दुसरा धागा

निरोपाच्या कार्यक्रमात व्यवस्थापकांनी बाईंच्या "शांत आणि मनमिळाऊ स्वभावाचं" कौतुक केलं, तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई आणि शांत! बत्तीस वर्षांत त्यांनी या इमारतीतल्या एकालाही सोडलं नव्हतं. पाठीमागे सगळे त्यांना करवत म्हणायचे आणि त्यांना ते ठाऊक होतं. भाषण करणाऱ्या माणसाला मात्र त्या काय करायच्या याचा पत्ताही नव्हता. त्यानेच चौदा महिन्यांपूर्वी त्यांना त्यांच्या कामावरून उठवून बाटल्या नोंदवण्याच्या खिडकीत बसवलं होतं. भाषण संपलं, टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला अजून संताप येतो.

मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे रुग्णाला कधीच न भेटणारी आणि तरी त्याचं पुढचं आयुष्य दोन ओळींत लिहून मोकळी होणारी डॉक्टर. बाई आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ. किडनीतून सुईने काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे काप काढायचे, ते काचेवर चढवून रंगवायचे आणि माझ्या टेबलावर आणून ठेवायचे, हे त्यांचं काम. रिपोर्टवर नाव माझं. त्यांचं नाव टाकायला रिपोर्टवर जागाच नसते, छापतानाच ठेवलेली नाही.

सुईतून जे येतं ते जाड दोऱ्याएवढं असतं, बोटाच्या पेराएवढं लांब. आम्ही त्याला धागाच म्हणतो. किडनीत रक्त गाळणाऱ्या लाखो गाळण्या असतात, प्रत्येक खसखशीच्या दाण्याहून कितीतरी लहान. नशीब चांगलं असेल तर एका धाग्यात दहा-पंधरा सापडतात. आजार त्या गाळण्यांत असतो. तो ताजा आहे की जुना, औषधाने मागे हटेल की सगळं कडक होऊन बसलंय, हे त्या दहा-पंधरांवरून ठरवायचं. रक्त-लघवीच्या तपासण्या किडनी बिघडली एवढंच सांगतात, कशाने बिघडली ते धागा सांगतो. म्हणून काप पातळ हवा, केसाच्या जाडीचे तीस भाग केले तर त्यातल्या एकाएवढा. बाई तसे काप काढायच्या. घरीसुद्धा त्यांचा हात तसाच चालायचा. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारे त्यांचे यजमान एकदा मला म्हणाले होते, "आमच्याकडे ताटात काकडी असते असं ऐकून आहे. दिसली नाही अजून."

वॉर्डातल्या फोनवर बाईंचा आवाज ऐकला की नर्स रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायच्या.

"तुकडा कोरड्या कापसावर ठेवला? कोणी ठेवला? नाव सांगा. पाणी शोषून घेतलं ना कापसाने! अहो, माणसाच्या पाठीत सुई घालून काढलंय ते, खडूचा तुकडा नाही पडलेला. डॉक्टरांना द्या फोन. झोपलेत? मग उठवा!"

लोक विचारायचे, बाईंच्या घरी कोणी किडनीने गेलं का, एवढ्या का चिडतात? मी एकदा खरंच विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी सांडलंय.

"कोणी नाही गेलं. सगळे ठणठणीत आहेत. काम नीट करायला घरातलं कोणी मरावं लागतं का मॅडम?"

त्यांचं एक रजिस्टर होतं. संस्थेच्या छापील वहीत तीन रकाने होते: बाटलीत किती, डबीत किती, मेणात किती. वॉर्डातून किती धागे आले, किती घेतले, किती मेणात बसवले. चौथा रकाना बाईंनी पट्टी लावून स्वतः आखला होता: काचेवर किती. हा डॉक्टरने भरायचा. काच सूक्ष्मदर्शकाखाली घालायच्या आधी उजेडात धरायची, नुसत्या डोळ्यांनी धागे मोजायचे, आकडा लिहायचा, सही करायची. चारही आकडे जुळले तर काम पुढे. नाही जुळले तर बाई दारात उभ्या.

"दुसरा कुठे आहे?"

एवढंच विचारायच्या, पण विचारायच्या अशा की खिशात लपवला असेल तर काढून द्यावा. पहिल्या वर्षी मी मनापासून मोजायचे. पुढे सवय झाली. बाईंचं काम कधी चुकत नाही, मग मोजायचं कशाला? मी रजिस्टर पुढे ओढून, शेजारचा आकडा बघून तोच पुढे लिहायला लागले. डॉक्टरांच्या गप्पांत याला विश्वास म्हणतात. हा निव्वळ आळशीपणा होता.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आला तेव्हा बाईंच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. वय एकोणतीस. पाय सुजलेले, लघवी काळ्या चहासारखी, रक्तातले आकडे महिन्याभरात चौपट वाढलेले. बरोबर मोठी बहीण. आईबाप नव्हते, तिनेच त्याला वाढवलेलं. किडनीच्या डॉक्टरांना एकच गोष्ट हवी होती, आजार ताजा आहे की जुना. ताजा असेल तर जालीम औषधं आजच्या आज सुरू करायची, कारण अशा आजारात रोज काही गाळण्या कायमच्या जातात. जुना असेल तर ती औषधं नुसतं विष, मग सरळ डायलिसिसच्या तयारीला लागायचं. रक्ताची एक तपासणी बाहेर पाठवली होती, पण तिला दहा दिवस लागणार होते. सगळं धाग्यावर अडलं होतं.

गुरुवारी दोन धागे आले. शुक्रवारी बाईंनी ते मेणात बसवले. या कामात एकच काळजी घ्यायची असते. छोट्या धातूच्या साच्यात गरम मेण ओतायचं आणि धागे चिमट्याने अगदी तळाशी, एका पातळीत, आडवे दाबायचे. कारण पातं तळाकडून कापत जातं. एक धागा तळाशी आणि दुसरा वर राहिला, तर पातं पहिल्यालाच कापत राहतं आणि दुसरा मेणात तसाच पडून राहतो, कोणाला न दिसता. चिमटा गरम लागतो, नाहीतर मेण त्यालाच चिकटून घट्ट होतं आणि धागा वर ओढला जातो. आमच्याकडचा चिमटा गरम करायचा खळगा पाच महिने बंद होता. बाईंनी अकरा वेळा लेखी तक्रार केली होती. अकरा वेळा व्यवस्थापकांनी "बघतो" असा शेरा मारला होता.

शनिवारी दुपारी काचा माझ्या टेबलावर आल्या. मला माझ्या बहिणीला आणायला स्टेशनवर जायचं होतं. मी रजिस्टर ओढलं, शेजारी दोन लिहिलं होतं, मीही दोन लिहिलं, सही केली आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. सहा गाळण्या दिसल्या. सहाही कडक, पांढऱ्या, मेलेल्या. मी लिहिलं: जुना, पक्का झालेला व्रण, उपचाराने परतण्याजोगं काही दिसत नाही.

किडनीच्या डॉक्टरांचा लगेच फोन आला. "सोनोग्राफीत आकार चांगला आहे हो. इतकं जुनं असेल?"

"तुकडा खोटं बोलत नाही, डॉक्टर," मी म्हणाले. हे माझं आवडतं वाक्य होतं. विद्यार्थ्यांनाही मी ते ऐकवत असे. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सोमवारपासून त्या माणसाच्या बहिणीने स्वतःची किडनी द्यायच्या तपासण्या सुरू केल्या. गुरुवारी सकाळी त्याच्या हाताच्या शिरेवर डायलिसिससाठी शस्त्रक्रिया ठरली. औषध कुठलंच नाही, मी "काही दिसत नाही" लिहिलं होतं ना.

बुधवारी दुपारी बाई दार न वाजवता आत आल्या. एका हातात मेणाचा ठोकळा, काखेत रजिस्टर. ठोकळा त्यांनी माझ्या कागदांवर आपटला.

"खिडकीशी धरा."

कपाटात ठेवण्याआधी प्रत्येक ठोकळा उजेडात धरून बघायची त्यांची पद्धत होती. धागा मेणात हरवू नये म्हणून त्या त्यावर लाल रंगाचा थेंब टाकत. मी ठोकळा खिडकीशी धरला. कापलेल्या बाजूला पहिल्या धाग्याची उरलेली फिकट रेघ होती. आणि आत, बरंच खोल, तिरपी, लाल, आख्खी दुसरी रेघ. तिला पातं लागलंच नव्हतं.

"माझी चूक," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच मला जास्त भीती वाटली. "मी बसवला, तो वर राहिला."

"चिमटा गार होता ना," मी म्हणाले.

"चिमटा गार होता, डोळे तर धड होते माझे! आणि बाकीच्यांचे?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रजिस्टर काखेतच होतं, त्यांनी ते उघडलं नाही. "जे दिसलं ते किडनीच्या अगदी सालीखालचं होतं. तिथे म्हाताऱ्या गाळण्या सगळ्यांनाच असतात. खरी किडनी इथे आत पडलीय, आणि त्या पोराचा उद्या हात कापतायत. मी हे वितळवून परत बसवते."

"सरळ खोल कापत गेलो तर?"

"तिरपा आहे. तुकडे येतील, निम्मा वाया जाईल. वितळवायचा."

"तुटला तर?"

"तुटला तर मला जाळा. आता बोलू नका."

त्यांनी खळग्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. स्पिरिटचा दिवा लावला, चिमटा त्यावर धरला. ठोकळा वितळला, धागा मेणात तरंगला. आख्खी प्रयोगशाळा कामं सोडून उभी होती आणि कोणाचीही खोकायची हिंमत नव्हती. बाईंनी धागा उचलला, नव्या साच्याच्या तळाशी ठेवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने दाबत गेल्या. मग बर्फावर ठेवला. मग काप काढायच्या यंत्राचं, मायक्रोटोमचं चाक फिरलं आणि पात्याच्या धारेवरून मेणाची फीत उतरायला लागली, एवढी पातळ की त्यांनी श्वास रोखून ती कोमट पाण्यावर सोडली.

तेवढ्यात व्यवस्थापक आले. बातमी पोहोचली होती. "पुरवणी रिपोर्ट काढा ना मॅडम," ते मला म्हणाले. "'अधिक काप घेतल्यावर असं आढळलं', असं लिहा. चूक वगैरे शब्द कशाला? आणि नातेवाइकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत, उगाच घाबरतात."

बाईंनी फितीवरची नजर हलवली नाही. "अधिक काप नाहीत, साहेब. त्याच्या किडनीचे पहिलेच काप आहेत हे. आधी काढले ते सालीचे. आणि अकरा अर्ज आहेत माझे तुमच्या टेबलावर, घाबरायचंच असेल तर तुम्ही घाबरा. बाजूला व्हा, वारा लागतोय."

संध्याकाळी पाचला रंगवलेली काच माझ्यासमोर आली. या वेळी मी ती आधी उजेडात धरली. मग खाली घातली. बारा गाळण्या. सातांमध्ये आतल्या पेशी वाढून एका बाजूने गाळणीला दाबत होत्या. आम्ही याला चंद्रकोर म्हणतो, आणि या सगळ्या ताज्या होत्या. आजूबाजूचा भाग जवळपास निरोगी. म्हणजे आजार कालपरवाचा होता, औषध चाललं असतं, शनिवारीच चाललं असतं. मी फोन उचलला. किडनीच्या डॉक्टरांनी एक शिवी दिली, ती माझ्या वाट्याची होती आणि मी घेतली. त्याच संध्याकाळी पहिलं इंजेक्शन गेलं. हाताची शस्त्रक्रिया रद्द झाली.

बाई ॲप्रन न काढता वॉर्डाकडे निघाल्या. मी मागून गेले, पण जिन्याच्या वळणावरच थांबले. बहीण बाकावर बसली होती, मांडीवर स्वतःच्या तपासण्यांची फाइल.

"तुमच्या भावाचा पहिला रिपोर्ट चुकला होता," बाई म्हणाल्या. "मी तुकडा नीट बसवला नाही. चूक माझी आहे. आता औषध सुरू झालंय, उपाय होण्यासारखा आहे."

बहिणीला आधी आनंदच झाला, तो तिच्या तोंडावर दिसला. मग ती उठली.

"चार दिवस," ती म्हणाली. "चार दिवस मी त्याला सांगतेय की आता काही होणार नाही, सवय कर. रात्रंदिवस रडलाय तो. चार दिवस! काय करत होता तुम्ही लोक? कोणी बघत नाही का परत? कोणी मोजत नाही?"

ती ओरडत होती. नर्स धावल्या. बाई हात बांधून उभ्या राहिल्या आणि सगळं ऐकून घेतलं. स्वतः आयुष्यभर जे इतरांना ऐकवलं ते एका बैठकीत परत घेतलं. "कोणी मोजत नाही?" याचं उत्तर जिन्यात उभं होतं. मी गुपचूप केबिनमध्ये परत गेले.

आठ महिन्यांनी तो माणूस पुन्हा लिफ्टच्या खोलीत काम करायला लागला. किडनी पूर्ण सुधारली नाही, निम्म्याच्या आसपास थांबली. त्यातलं किती त्या चार दिवसांत गेलं हे कोणीच सांगू शकत नाही. मी तर नाहीच.

चौकशी झाली. तिघांची समिती, मध्ये व्यवस्थापक. अकरा तक्रारींची फाइल "सापडत नव्हती". रजिस्टर मागवलं, तर त्या शुक्रवारचं पान नव्हतं. शिवणीपासून सरळ फाडलेलं. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मी फाडलं." का, ते सांगितलं नाही. समितीने दोन गुन्हे लिहिले, हलगर्जीपणा आणि पुरावा नष्ट करणं. मला विचारलं, "त्या नोंदीचा शेवटचा रकाना भरला होता का?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

मला आठवत होतं. पेनची शाई निळी होती तेही आठवत होतं. बाईंनी स्वतःला वाचवायला पान फाडलं असं मी समजले आणि मला हायसं वाटलं, त्यात माझी सहीही गेली म्हणून. सुधारलेल्या रिपोर्टबद्दल एका परिषदेत माझं कौतुक झालं. बाईंना बाटल्यांच्या खिडकीत बसवलं. तिथे त्या येणाऱ्या प्रत्येक बाटलीवरचं नाव दोनदा वाचायच्या आणि शिपायांवर ओरडायच्या. आत काप दुसरे कोणी काढायचे, जाडेभरडे, आणि मी त्यावर रिपोर्ट लिहायचे. आमचं बोलणं कामापुरतं उरलं. मी त्यांच्या खिडकीवरून जाताना हातातल्या कागदांत बघत जायचे.

निरोपाचा कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्या केबिनमध्ये आल्या. या वेळी दार वाजवलं. पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. मी उलगडायच्या आधीच ओळखला. चार रकाने. शेवटच्यात निळ्या शाईत दोन, आणि माझी सही.

मी म्हणाले, "बाई, माझ्यासाठी तुम्ही..."

"तुमच्यासाठी?" करवत चालली. "तुमच्यासाठी कशाला फाडीन? काय लागता तुम्ही माझ्या? किडनीच्या काचा वाचणारं दुसरं कोणी होतं का इथे? तुम्हाला घरी बसवलं असतं तर त्या पोराची तीन महिन्यांनी परत बायोप्सी व्हायची होती, ती कोणी बघितली असती? साहेबांनी? काप काढणारी एक गेली तर दुसरा जाडा का होईना काढतो. म्हणून फाडलं. मला वाटलं होतं, तुम्ही तोंड उघडाल. चौकशीत नाही तर नंतर. चौदा महिने त्या खिडकीत बसून वाट बघितली मी. रोज समोरून जात होता तुम्ही."

"मला माफ—"

"नाही. राग गेलेला नाही माझा, आणि जाणारही नाही. ठेवा ते पान." दारापाशी त्या वळल्या. "घड्याळ दिलंय मला, बंदच आहे. तेही बघून घेतलं नाही कोणी."

दुसऱ्या दिवशी मी पान घेऊन व्यवस्थापकांकडे गेले. चौकशी पुन्हा उघडा म्हणाले, माझी सही आहे, लेखी देते. त्यांनी पान बघितलं, घडी घातली, माझ्याकडे परत सरकवलं. "बाई तर गेल्या आता. कोणाला उपयोग? तुम्हीही शांत व्हा मॅडम." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवून, पोच घेऊन बाहेर पडले. ते "बघतो" असा शेरा मारणार हे मला माहीत होतं.

केबिनमध्ये नवा ट्रे येऊन पडला होता. शाळेत शिकणारी मुलगी, चौदा वर्षांची, चेहरा सुजलेला. रजिस्टर उघडं होतं. बाटलीत दोन, डबीत दोन, मेणात दोन. काच उचलून मी खिडकीशी धरली.

एकच धागा होता.

मी उठले. दार न वाजवता प्रयोगशाळेत गेले, आणि सगळ्या खोलीने मान वर करावी इतक्या मोठ्याने विचारलं, "दुसरा कुठे आहे?"